गोवा सरकारचे रोखे घरबसल्या: रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ सेवा कशी आहे?

गोव्यात शिल्लक पैसा ठेवीतच जायचा, मग तो आखातातून आलेला असो, बोटीवरचा असो की भाट (माडांची बागायत) विकून आलेला. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० साली आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ साली रद्द झाला, तेव्हा पाच लाखांचा ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर तेवढ्यापुरतीच परत मिळण्याची हमी, घराघरात पाठ झाला. त्या पाच लाखांच्या वरची रक्कम कुठे ठेवावी, याला रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ हे एक उत्तर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे मे २०२४ पासून मोबाइल ॲपही आहे. सामान्य माणूस इथे दलालाशिवाय सरकारी रोखे, म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाचे कागद, घेतो आणि त्यांत गोवा सरकारचेही रोखे असतात. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्यासाठी सेवा चोख आहे. मध्येच विकायला निघालात तर तीच छळते.

खाते उघडायला आणि सांभाळायला पैसे लागत नाहीत. पॅन, आधार, बचत खाते, ईमेल आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढे हाताशी हवे. एकट्याच्या नावाने किंवा जोडनावाने खाते निघते. केवायसीची (ओळख पडताळणीची) पायरी मात्र गोव्यात अनेकांना नडेल, आणि ती सेवेच्या दोषामुळे नव्हे. जुन्या पोर्तुगीज नोंदींमुळे आपल्याकडे एकाच माणसाचे आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असते. देसाईत कुठे एक एस, कुठे दोन. नाईकच्या शेवटी कुठे के, कुठे क्यू-यू-ई. पॅन, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवरचे स्पेलिंग आधी जुळवून घ्या, मगच अर्ज करा. बँक खाते नाममात्र रक्कम पाठवून पडताळले जाते, तिथेही नावच आडवे येते. व्हिडिओ केवायसी असेल तर मूळ पॅनकार्ड जवळ ठेवा आणि पाठीमागे खिडकी येणार नाही असे बसा.

पैसे यूपीआयने किंवा नेटबँकिंगने भरता येतात. तुमची सहकारी बँक नेटबँकिंगच्या यादीत नसेल तर यूपीआय वापरा; या सेवेसाठी एका व्यवहाराची यूपीआय मर्यादा पाच लाख आहे. पेमेंट गेटवेचे शुल्क लागलेच तर ते ग्राहकाच्या माथी.

आता माल काय आहे ते. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले (केंद्राचे अल्प मुदतीचे कर्ज) साधारण बुधवारी, केंद्राचे दीर्घ मुदतीचे रोखे शुक्रवारी आणि राज्य विकास रोखे, म्हणजे गोव्यासारख्या राज्यांचे रोखे, मंगळवारी लिलावाला येतात. किमान रक्कम १०,००० रुपये, पुढे त्याच पटीत. लहान गुंतवणूकदाराने दर सांगायचा नसतो, फक्त रक्कम सांगायची. बँका आणि विमा कंपन्यांच्या बोलींतून जी भारित (रकमेच्या प्रमाणात काढलेली) सरासरी निघते त्या भावाने रोखे मिळतात. राज्याच्या लिलावात अशा बोलींसाठी १० टक्के हिस्सा राखीव असतो आणि एका बोलीला जाहीर रकमेच्या १ टक्क्याची कमाल मर्यादा असते. अंदाजी किमतीपेक्षा थोडी जास्त रक्कम आधी घेतली जाते, उरलेली परत येते. लिलावाच्या सकाळी जागे होऊन उपयोग नाही, आदल्या दिवशीच बोली टाकून मोकळे व्हावे.

गोवा दर मंगळवारी बाजारात नसतो. राज्यांच्या कर्जउभारणीचे अंदाजी वेळापत्रक रिझर्व्ह बँक दर तिमाहीला प्रसिद्ध करते, ते बघून पैसे मोकळे ठेवा. केवळ ‘आपले गोवा’ म्हणून थांबून राहण्यात मात्र अर्थ नाही. बाजार राज्याराज्यांत फारसा भेद करत नाही. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या रोख्यांच्या परताव्यात फरक असलाच तर सहसा टक्क्याच्या किरकोळ अंशाचा. राज्याचा रोखा केंद्राच्या तेवढ्याच मुदतीच्या रोख्यापेक्षा जरा जास्त देतो, घ्यायचे कारण तेच.

ट्रेझरी बिलाचा हिशेब सोपा. ९१ दिवसांचे बिल ५.५ टक्के परताव्याने मिळाले तर १०,००० चे बिल सुमारे ९,८६५ रुपयांना पडते आणि मुदतीला पूर्ण १०,००० येतात. चतुर्थीला लागणारा पैसा तीन महिने ठेवायला याहून साधी जागा नाही. दीर्घ रोख्याचे तसे नाही. ७ टक्के व्याजाचा १० वर्षांचा रोखा एक लाखाला घेतलात आणि लगेच बाजारातला परतावा ८ टक्क्यांवर गेला, म्हणजे नवे रोखे ८ टक्के देऊ लागले, तर त्याची किंमत साधारण ९३,२०० उरते. व्याज दर सहामाहीला ३,५०० येतच राहते आणि मुदतीला लाखही पुरा मिळतो. तोटा होतो तो मध्ये विकणाऱ्याला.

हा परतावा हलतो कशाने, हे शेअर घेणाऱ्यानेही समजून घ्यावे. सरकारी रोख्याचा दर हा बाकी सगळ्या कर्जांचा पाया. तो चढला की कंपन्यांना कर्ज महाग पडते. कर्जावर उभ्या असलेल्या हॉटेल आणि बांधकाम कंपन्यांचा नफा आटतो, आणि बिनधोक ७ टक्के मिळत असताना शेअरला जास्त भाव द्यायला कोणी धजत नाही. पर्वरीच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना व्याजाचे कलम फुगते ते वेगळेच. बँकांना ठेवींपैकी १८ टक्के रक्कम सोने, रोकड किंवा अशाच रोख्यांत ठेवावी लागते. म्हणजे साखळी गावातल्या बँकेच्या शाखेत ठेव ठेवणारा माणूस आडवाटेने सरकारला कर्ज देतच असतो. इथे तो मधला टप्पा गळतो.

रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) उतरला की रोखा तेजीत, हे सूत्रही डोळे झाकून वापरू नका. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. रेपोला जोडलेल्या गृहकर्जांचे दर उतरले, ठेवींचेही. पण जूनमध्ये अर्धा टक्का कपातीबरोबरच रिझर्व्ह बँकेने आपली भूमिका ‘तटस्थ’ केली, पुढे फार कपात होणार नाही असे बाजाराने ताडले आणि दीर्घ रोख्यांचे परतावे पुढच्या आठवड्यांत उलट चढले. कपातीच्या आशेने लांब मुदतीचा रोखा घेऊन नफा काढू पाहणाऱ्यांसाठी हे खाते नाही.

कारण विकणे हीच याची कमजोर बाजू. दुय्यम बाजाराचा, म्हणजे आधी घेतलेले रोखे विकण्याचा, पडदा ॲपमध्ये आहे, पण तिथे ग्राहक शेअरबाजारासारखा क्षणोक्षणी उभा नसतो. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी राज्यांचे रोखे घेऊन मुदतीपर्यंत दाबून ठेवतात आणि व्यवहार करतात ते कोटींत. तुमचे पन्नास हजारांचे रोखे कोणी उचललेच तर पडेल भावाने. ठेव मोडली तर एखादा टक्का व्याज जाते आणि पैसे त्याच दिवशी हातात येतात. त्या सोयीची किंमत कमी लेखू नका. लग्न, आजारपण, घराचे छप्पर यांचा पैसा इथे नकोच.

सुरक्षिततेबद्दल शंका घ्यायला जागा कमी. राज्याच्या रोख्याला केंद्राची हमी नसते, पण कर्ज सांभाळते रिझर्व्ह बँक आणि परतफेड राज्याच्या तिथल्याच खात्यातून वळती होते. २०१२ साली खाणी थांबल्या, डिचोली-सांग्यात ट्रक उभे राहिले आणि हप्ते थकले. तो धक्का स्थानिक पतसंस्थेला जसा थेट बसतो तसा राज्याच्या रोख्याला बसत नाही, कारण राज्याच्या तिजोरीत केंद्रीय करांचा वाटाही येतो.

कराचे एक खास गोव्याचे. या रोख्यांच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला जात नाही, त्यामुळे कर नाही असा गैरसमज होतो. कर तुमच्या उत्पन्नगटाप्रमाणे लागतोच, आणि वर्षाचा कर १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ करही भरावा लागतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना त्यातून सूट आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या संपत्ती-सहभागाखाली (संपत्ती पती-पत्नी दोघांची सामाईक) येणाऱ्या जोडप्यांसाठी आयकराचा नियम (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) असा, की पगार सोडून बाकी उत्पन्न पती-पत्नीत निम्मे-निम्मे धरायचे. रोखा एकट्याच्या नावावर असला तरी अर्धे व्याज जोडीदाराच्या विवरणपत्रात जाते. बाहेरच्या करसल्लागाराला हे बहुधा ठाऊक नसते, तेव्हा जोडीदाराचा पॅन घेऊन आपणच आठवण करून द्यावी.