लायका एम३ : व्ह्यूफाइंडर एकच, लेन्स कोणकोणत्या?

लायकाचा एम३ हा जुना फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा जुळवून फोकस करायचा) घ्यायचा विचार असेल तर आधी एक प्रश्न सोडवा: तुमचं बहुतेक काम कोणत्या लेन्सवर चालतं? १९५४ साली वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने आणलेल्या या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे दृश्य पाहण्याची खिडकी, ०.९१ पट आहे. नुसत्या डोळ्याला दिसतं जवळपास तेवढंच मोठं त्यात दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवूनही काम करता येतं. फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या चौकटी मात्र तीनच: ५०, ९० आणि १३५ मिमी फोकल लेंग्थच्या लेन्ससाठी. ५०ची कायम असते, बाकीच्या दोन त्या त्या लेन्सच्या बेयोनेटमुळे (फिरवून बसवायच्या जोडामुळे) आपोआप उमटतात.

५० मिमीसाठी याहून चांगला व्ह्यूफाइंडर रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत सापडणं अवघड आहे. गोल कोपऱ्यांची ठळक चौकट आणि तिच्या बाहेर थोडी मोकळी जागा, त्यामुळे आत कोण येतंय ते आधीच कळतं. जवळचा फोकस कराल तशी चौकट उजवीकडे खाली सरकते आणि पॅरलॅक्स, म्हणजे खिडकी आणि लेन्स यांच्या जागेतला फरक, सांभाळते. तिचा आकार मात्र बदलत नाही. म्हणून दूरच्या दृश्यात फिल्मवर चौकटीपेक्षा थोडं जास्त येतं. मोठं हूड (लेन्सवर पडणारा बाजूचा उजेड अडवणारं आवरण) लावलं तर खालचा उजवा कोपरा झाकला जातो, तेव्हा झरोक्याचं हूड घ्या. तुम्हाला चष्मा असेल तर आयपीसच्या (डोळा लावायच्या भागाच्या) धातूच्या कडेवर पातळ रबरी रिंग बसवा, नाहीतर चष्म्याच्या काचेवर ओरखडे उठतात.

९० लावल्यावर या कॅमेऱ्याची खरी ताकद कळते. रेंजफाइंडरचा प्रभावी बेस (तो जितका मोठा तितका फोकस अचूक) सुमारे ६२ मिमी, तर लायकाच्याच एम२चा ५०च्या आसपास. ९० मिमी एफ/२ पूर्ण उघडी ठेवून डोळ्यावर फोकस करायचा असेल तर हा फरक निगेटिव्हवर दिसतो. १३५ची चौकट लहान आहे, पण वापरण्याजोगी. त्यासाठी १३५ एफ/४ पुरे. एफ/२.८ला स्वतःचा चष्मा, म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडक्यांसमोर येणारी भिंगं, जोडलेला असतो आणि ती बरीच जड आहे.

अडचण ३५ची. तिची चौकटच नाही. म्हणून लाइट्झने एम३साठी चष्मेवाल्या ३५ काढल्या: समोरच्या दोन खिडक्यांवर येणाऱ्या भिंगांमुळे ५०च्याच चौकटीत ३५चं दृश्य मावतं. पॅरलॅक्स आणि फोकस दोन्ही व्ह्यूफाइंडरमध्येच राहतात, हा मोठा फायदा. पण प्रतिमा सुमारे सात दशांश होते, थोडी मंद दिसते आणि फोकसची अचूकताही तितकीच घटते. चष्मा काढून ही लेन्स वापरू नका, जवळच्या अंतरावर फोकस चुकतो. साधी एम माउंटची ३५ लावली तर १३५ची चौकट उमटते. ती सोडून द्या आणि शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) ३५चा वेगळा फाइंडर बसवा. मग फोकस एका खिडकीत, रचना दुसऱ्या खिडकीत. लांबून काम छान होतं, पण मीटर-दीड मीटरवर डोकी कापली जातात, कारण वरचा फाइंडर फोकसबरोबर सरकत नाही. रोज ३५च वापरणाऱ्याने सरळ ३५ची चौकट असलेला एम२ घ्यावा.

जुन्या स्क्रू माउंटच्या (आट्यांनी बसवायच्या) लेन्स ॲडॅप्टरवर चालतात. ॲडॅप्टर ज्या फोकल लेंग्थसाठी कापलेला असेल तीच चौकट उमटते, तेव्हा ९०च्या लेन्सला ९०चाच घ्या. त्याची जाडी बरोबर १ मिमी हवी. स्वस्त ॲडॅप्टर इथेच गडबड करतात, आणि मग दोष कॅमेऱ्याचा वाटतो.

विकत घेताना साधी ५० लावून इन्फिनिटीवर दूरचा टॉवर किंवा खांब पाहा. व्ह्यूफाइंडरच्या मधल्या पॅचमधली (फोकस जुळवायच्या ठिपक्यातली) प्रतिमा आडवी आणि उभी, दोन्ही बाजूंनी जुळली पाहिजे. साध्या ५०वर जुळते आणि चष्मेवाल्या ३५वर वर-खाली सरकते, तर चष्म्याला धक्का बसलेला आहे, कॅमेरा ठीक आहे. चष्म्याची भिंगं उजेडासमोर धरून आतली बुरशीही तपासा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सबाबत हे टाळू नका. पॅच काळपट असेल किंवा दिसतच नसेल, तर प्रिझमचा बाल्सम (काचा चिकटवणारा डिंक) सुटलेला असण्याची शक्यता मोठी. हे काम नुसत्या सफाईने होत नाही, प्रिझम नव्याने जोडावा किंवा बदलावा लागतो. असा कॅमेरा दुरुस्तीचा खर्च वजा केल्याशिवाय घेऊ नका.