ईकोचं सायलेन्सर गार्ड : नऊ महिने, एक पावसाळा आणि ११,००० किलोमीटरनंतर

गाडी मारुती ईको, बीएस-६, सात सीटर, पेट्रोल. घरच्या वापराची, पण रात्री रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी राहणारी. सायलेन्सर चोरीवर उपाय म्हणून तीन गोष्टी लावल्या : खालून ३ मिमी पत्र्याचं गार्ड, ते धरणारे डोकं तुटणारे बोल्ट, आणि गाडी तिरकी झाली की ओरडणारा अलार्म. नऊ महिन्यांनंतरचं मत एका ओळीत सांगायचं तर पत्रा ठीक, बोल्ट उत्तम, अलार्म काढून ठेवला.

चोरीला नेमकं काय जातं हे आधी समजून घ्यायला हवं. बाजारातली बरीच गार्ड भलत्याच चोराला डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. ‘सायलेन्सर गेला’ असं आपण म्हणतो, पण चोराला सायलेन्सरशी घेणंदेणं नसतं. त्याला हवा असतो एक्झॉस्टच्या त्याच जोडातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्या भोकांच्या भिंतींवर पॅलेडियम, प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर. भंगाराच्या धंद्यात कुटलेल्या ठोकळ्याला ‘माती’ म्हणतात. धातू असतो जेमतेम काही ग्रॅम. पण मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियम औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, २९,००० डॉलरच्या आसपास गेलं होतं आणि मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमने ३,४०० डॉलर ओलांडले होते. त्याच सुमारास गुजरातेत आणि आपल्याकडे पुणे, ठाणे, नाशिक भागांत ईकोचे सायलेन्सर रात्रीत गायब होऊ लागले. पुढे भाव जोरात उतरले, तरी ‘ईकोखाली माल असतो’ ही माहिती एकदा पसरली ती पसरलीच.

ईकोच का, तर जोड गाडीच्या तळाशी उघडा आणि नटबोल्टवर लटकलेला. ब्रिटनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात टोयोटा प्रियसचा कन्व्हर्टर नेणारे बॅटरीवरची करवत घेऊन पाइप कापतात, म्हणून तिथल्या गार्डमध्ये जाड पत्रा आणि करवतीच्या पात्याला गुंडाळणारा वायर रोप असतो. ईकोवाला चोर पाना घेऊन येतो. आवाज नाही, ठिणगी नाही. तेव्हा ईकोचं गार्ड कापायला किती कठीण आहे हा दुसरा प्रश्न. जोडाचे नट त्यातून हाताला लागतात का, आणि गार्ड स्वतः साध्या पान्याने सुटतं का, हे आधी बघायचं. पाच मिमी जाडीचं भरभक्कम गार्ड चार साध्या षटकोनी बोल्टांवर बसवलं, तर चोराचं काम फक्त चार बोल्टांनी वाढतं.

माप आणि बांधणी

तयार मिळणारं गार्ड घेण्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेलं चांगलं बसलं. माप गाडी रॅम्पवर चढवून घ्यायचं, दुसऱ्या ईकोवरून उचलायचं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईकोचं इंजिन बदललं, तेव्हा जुन्या गाडीचा साचा नव्या गाडीला चालेल असं धरून चालू नका. आपला पत्रा ६०० बाय ३५० मिमी, ३ मिमी एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद). अखंड पत्र्याचं वजन ५ किलोच्या जरा आत भरतं. त्यात २० मिमीची भोकं पाडून घेतली की वजन कमी होतं, हवा खेळते आणि पाणी साठत नाही. भोकं याहून मोठी नकोत, नाहीतर त्यातून सॉकेट आत जातो. दोन्ही बाजूंना पत्रा वर वळवून ६० मिमीची भिंत काढली आहे. ही भिंत नसेल तर बाजूने हात घालून पाना लावता येतो, आणि फॅब्रिकेटर वेळ वाचवायला हीच भिंत गाळतो.

ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा दिसायला छान आणि हलका, पण उष्णतेने त्याची ताकद घटते. तो लोखंडाला थेट टेकला आणि पावसाळ्यात दोघांत खारट चिखल बसला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कोकणात गाडी फिरत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

कन्व्हर्टर काम करायला लागतो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला, आणि चालत्या गाडीत आतलं तापमान ४०० ते ८०० अंशांत असतं. म्हणून गार्ड आणि कन्व्हर्टरचं कवच यांच्यात किमान २५ मिमी फट ठेवायचीच. दुसरं कारण प्रसरणाचं : ६०० मिमी लांब पोलादी पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे २ मिमी लांबतो. थंड गाडीवर अगदी चिकटून बसवलेलं गार्ड घाटात तापल्यावर पाइपाला घासतं आणि मग खडखड कुठून येते हे शोधण्यात दिवस जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गार्ड थेट एक्झॉस्ट पाइपालाच क्लँप करणं. पाइप रबरी हँगरवर मुद्दाम मोकळा टांगलेला असतो, कारण तो इंजिनाबरोबर हलतो. एक टोक बॉडीला आणि दुसरं पाइपाला बांधलं की तो हलायचा थांबतो आणि वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. गार्डचे सगळे आधार बॉडीवरच हवेत : आहेत ती आट्याची भोकं, किंवा आडव्या क्रॉसमेंबरला यू-क्लँप. गाडीच्या तळाच्या लांब रेल्समध्ये नवी भोकं पाडू देऊ नका. तिथून गंज सुरू होतो आणि तो वरून दिसत नाही. गाडीखाली वेल्डिंग तर नकोच. सीएनजी गाडीत तो विषयच काढू नये. कुणी आग्रह धरलाच, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, सेन्सरचे कनेक्टर काढायचे आणि अर्थिंगचा क्लँप टाक्याच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, धोक्यात.

बोल्ट

गार्डची पुढची कड दोन वाकवलेल्या हुकांत सरकते आणि मागच्या कडेला फक्त दोन एम-१० बोल्ट आहेत. हे दोन्ही ‘शिअर बोल्ट’ : ठरावीक ताकदीपर्यंत आवळले की षटकोनी डोकं तुटून पडतं आणि मागे गुळगुळीत शंकू उरतो. त्याच्यावर पाना, ग्रीप, काही धरत नाही. किंमत नगाला ₹६० पडली. सगळ्या खर्चात हाच खर्च वसूल झाला असं वाटतं. पत्रा, कापाई, वेल्डिंग आणि रंग मिळून ₹२,८०० गेले.

डोकं तोडायची घाई मात्र करू नका. आधी साध्या बोल्टांवर गार्ड बसवून २०० किलोमीटर गाडी चालवा. पत्रा बसतो, क्लँप सैल पडतो, कुठे घासतंय ते कळतं. इथे पहिल्याच आठवड्यात डाव्या कडेला घासलेली चकाकी दिसली आणि भिंत ४ मिमीने बाहेर ठोकून घ्यावी लागली. डोकी आधीच तोडली असती तर ड्रिल हाती घ्यावं लागलं असतं.

नटांच्या बाबतीत एक चूक सर्रास दिसते. आत नायलॉनचं कडं असलेला लॉकनट गॅरेजमध्ये हाताशी असतो म्हणून तोच लावतात. साधारण १२० अंशांच्या पुढे नायलॉन मऊ पडतं आणि नट साध्या नटासारखा सैल होतो. कन्व्हर्टरच्या शेजारी पूर्ण धातूचा लॉकनट किंवा डबल नट वापरा. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळू नका. मधेच असा जाम होतो की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आट्यांना तांब्याचं उष्णतारोधक ग्रीस एक बोट पुरतं.

कंपनीच्या फ्लँजचे (पाइप जिथे एकमेकांना जोडले जातात त्या कडांचे) मूळ बोल्ट तसेच ठेवले आहेत. काही गॅरेजवाले त्या नटांवरच वेल्डिंगचा टाका मारून ₹३०० घेतात. स्वस्त आणि चोराला वैतागवणारं खरं, पण गॅस्केट फुंकलं की फ्लँजसकट कापून काढावं लागतं. वॉरंटीतल्या गाडीला हे करूच नये.

नऊ महिन्यांत काय बिघडलं

पावसाळ्यात भोकं असूनही मागच्या कोपऱ्यात चिखलाचा थर साठला. तो ओला राहतो आणि गंज तिथूनच धरतो. दर पंधरा दिवसांनी पाण्याचा प्रेशर मारायचा, पण गाडी थंड असताना. तापलेल्या कवचावर गार पाणी म्हणजे आतल्या सिरॅमिकला तडा जाण्याचं आमंत्रण. वेल्डिंगच्या टाक्यांवर ऑगस्टमध्येच तांबूस रेघ दिसली. साधा तेलरंग पहिल्याच महिन्यात पापुद्र्यांनी निघाला होता. नंतर तारेच्या ब्रशने घासून ६०० अंशांच्या वरचा सिलिकॉन रंग मारला, तो टिकला. हा रंग वाळून पक्का होत नाही, तापून होतो. म्हणून रंग दिल्यावर अर्धा तास सलग गाडी चालवावी लागते आणि तेवढा वेळ वास येतो.

गार्ड मूळ पाइपापेक्षा २२ मिमी खाली आलं. दोन माणसांत काही कळत नाही. सात जण आणि सामान असलं की सोसायट्यांनी हौसेने घातलेल्या उभट स्पीडब्रेकरवर ते घासतं. पुढची कड ४५ अंशात वर वळवलेली असल्यामुळे ते अडकत नाही, सरकून जातं. ही वळवलेली कड नसलेलं गार्ड घेऊ नका.

रस्त्यावरची प्लास्टिक पिशवी दोनदा आत अडकून वितळली. वास इतका की वायरिंग जळतंय असं वाटावं. वाळलं गवत अडकलं तर प्रकरण आगीपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे शेतात किंवा माळावर गाडी नेल्यावर खाली वाकून पाहायची सवय हवी. इंजिनाचा आवाज, मायलेज, पिकअप यांत काही फरक जाणवला नाही.

सर्व्हिस सेंटरची कुरकुर अपेक्षेपेक्षा कमी निघाली, कारण ऑइलचा ड्रेन बोल्ट गार्डच्या बाहेर राहील असा पत्रा कापला होता. गार्ड पूर्ण काढायचं तर दोन बोल्ट ड्रिलने उडवायचे, साधारण अर्ध्या तासाचं काम. सुटे दोन शिअर बोल्ट ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्या.

अलार्म

गाडी उचलली किंवा हलली की वाजणारा सेन्सर. पण पान्याने काम करणारा चोर जॅक लावत नाही, गाडी हलवतही नाही. संवेदनशीलता वाढवली की शेजारून ट्रक गेला, टपावर मांजर चढलं, ढोल-ताशाचा सराव सुरू झाला, की भोंगा. आठवड्याभरात आजूबाजूचं कुणी खिडकीतून डोकावेनासं होतं आणि मग त्याचा उपयोग संपला. शिवाय तो २० मिलीअँपिअर खात होता. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतले सात गेले. गाडी रोज फिरत नसेल तर पहाटे स्टार्टर कण्हतो. गाडीच्या पोटाकडे तोंड असलेला हालचालीवर पेटणारा साधा दिवा भिंतीवर लावला, त्याचा उपयोग जास्त आहे. उभी करताना एक्झॉस्टची बाजू भिंतीला चिकटवायची, हे तर फुकटचं.

खूण, तपासणी आणि विमा

कन्व्हर्टरच्या कवचावर इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने चॅसी नंबरचे शेवटचे आठ आकडे-अक्षरं कोरली आणि वरून उष्णतारोधक पिवळा रंग भरला. याने चोरी थांबत नाही, पण माल सापडला तर तो आपला हे दाखवता येतं. कवच पातळ असतं, तेव्हा खोल कोरू नका. कोरलेल्याचा फोटो नंबरप्लेटसकट काढून ठेवा.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना वेगळाच धोका असतो : जोड जागेवर, पण आतला ठोकळा काढलेला. ओळखायच्या खुणा म्हणजे पोकळ, भसाड्या सुराचा आवाज, धुराला उग्र वास, आणि चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी-०४२० हा कोड. दुसरा ऑक्सिजन सेन्सर हे पकडतो. पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा आकडा अचानक चढलेला दिसला तरी संशय घ्या. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला ०.३ टक्क्याची मर्यादा आहे. मोठ्या कामाआधीची पावती जपून ठेवली की तुलना करता येते.

खासगी गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत सुट्या भागाची चोरी ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत) येते, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. एफआयआर लागतो, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली होतो. क्लेममधून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ₹१,००० सक्तीची वजावट, आणि झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर धातूच्या भागांवर घसारा : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. नो क्लेम बोनसही जातो. गार्ड बसवल्याचं बिल आणि फोटो विमा कंपनीला ईमेलने आधीच कळवलेले बरे, म्हणजे क्लेमच्या वेळी ‘गाडीत फेरफार’ हा शब्द निघत नाही.

पुढचं गार्ड बनवताना तीन बदल करू : मागच्या कोपऱ्यात चिखल निघायला ४० मिमीची आडवी खाच, टाक्यांवर रंगाआधी झिंक प्रायमर, आणि पुढच्या हुकांना ३ ऐवजी ५ मिमी पत्रा. स्पीडब्रेकरच्या धक्क्यांनी आताचे हुक किंचित उघडलेत. टॉमी (लोखंडी कांब) घालून नेट लावला तर गार्ड तिथून खाली ओढता येईल अशी शंका आहे, म्हणून तोवर हुकांच्या तोंडाशी ६ मिमीच्या वायर रोपचा एक वेढा क्रॉसमेंबरला घालून क्रिंप केला आहे.