अंगणासाठी बहावा की ताम्हण?

घरापुढे एकाच मोठ्या फुलझाडापुरती जागा असली, की निवड बहुधा बहावा आणि ताम्हण यांच्यावर येऊन ठेपते. (गुलमोहर मी यात धरत नाही, मूळचा मादागास्करचा हा वृक्ष देखणा खरा, पण त्याच्या ठिसूळ फांद्या वळवाच्या वाऱ्यात कौलांवर येतात.) बहावा आणि ताम्हण ही दोन्ही झाडे आपल्याकडचीच आहेत, ऐन उन्हाळ्यात फुलतात आणि दोघांनाही भरपूर ऊन लागते, मात्र पाण्याच्या बाबतीत त्यांचे स्वभाव निराळे असल्यामुळे निवड फुलांच्या रंगावरून न करता, पावसाळ्यात अंगणात पाणी साचते की नाही, यावरून करावी, असे माझे मत आहे.

बहावा हा पानगळीच्या रानातला. मुरमाड जमिनीत एकदा त्याने मूळ धरले, की उन्हाळा तो सहज काढतो. बुडाशी साचलेले पाणी मात्र त्याला सोसत नाही. माझा पहिला बहावा कुंपणाजवळच्या खोलगट जागी लावलेला होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची पाने पिवळी पडली आणि उपटून पाहिले, तेव्हा काळ्या पडलेल्या मुळांची साल बोटाने निघत होती. त्याच जागी नंतर लावलेले ताम्हण चांगले वाढले, कारण मुळात ते कोकणातल्या ओढ्याकाठचे झाड आहे. उलट कोरड्या माळावर, पाणी देण्याची सोय नसताना, तेच ताम्हण खुरटून बसते.

बहाव्याचे हातभर लांब पिवळे घोस जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवरून लोंबतात. ते दृश्य अद्वितीय असते, पण नेमक्या त्याच दिवसांत झाडाखाली सावली नसते. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेल्या ताम्हणाचे जांभळे तुरे फांद्यांच्या टोकांना, हिरव्या पानांच्या वर उभे राहतात आणि त्यांच्या बहुधा सहा पाकळ्या चुरगळलेल्या झिरमिळ्या कागदासारख्या दिसतात.

बहाव्याच्या दंडुक्यासारख्या काळ्या शेंगा अंगणात पडत राहतात आणि त्यांतला गर रेचक असल्यामुळे लहान मुलांवर लक्ष ठेवावे लागते. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या, तर फवारणीची घाई करू नये. त्या बहुतेक वेळा पिवळसर फुलपाखरांच्या असतात आणि झाड पुन्हा पालवते.

छाटणीची वेळही वेगळी आहे. ताम्हण नव्या फुटीवर फुलत असल्याने त्याची छाटणी हिवाळा सरताना, पालवी फुटण्याआधी करावी. बहाव्याला मात्र बहर ओसरल्यावरच हात लावावा.