‘आबालाल’ म्हणून घेतलेलं रंकाळ्याचं तैलचित्र : एक पावसाळा काढल्यानंतर

तैलचित्राला काच टेकवून फ्रेम करून देणाऱ्या दुकानातून चित्र घेऊ नका. चित्रकार, सही, किंमत या सगळ्यावर पुढे लिहिते, पण हे आधी सांगते, कारण माझा सगळा मनस्ताप त्या काचेपासून सुरू झाला.

चित्र जानेवारीत घेतलं. रंकाळा तलाव, मध्ये संध्यामठाचा दगडी मंडप, मागे झाडांची रांग. माझं माहेर कोल्हापूर, त्यामुळे विषय बघूनच अर्धा निर्णय झाला होता. उरलेला अर्धा नावाने केला. उजव्या कोपऱ्यात कोल्हापूरचे जुने नामवंत चित्रकार आबालाल यांची सही आणि सोबत दुकानाच्या लेटरहेडवर ‘आबालाल रहिमान यांचे मानले जाणारे’ असं प्रमाणपत्र. पंच्याऐंशी हजार दिले. त्याच दुकानात त्याच आकाराचं, तितकंच जुनं दिसणारं, सही नसलेलं एक निसर्गचित्र अठरा हजारांना होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ठाण्याला आमची दिवाणखान्याची भिंत बाहेरची आहे. जुलैत ती गार पडते. ऑगस्टमध्ये आकाशाच्या भागात करडे ठिपके दिसले. आधी वाटलं काचेवर डाग आहेत. पुसले, जाईनात. आतून होते. काच सरळ कॅनव्हासला टेकलेली, मागे हार्डबोर्ड, कडा चिकटपट्टीने बंद. हवेला वाटच नाही. कॅनव्हासचं कापड आणि त्यावरचं सरसाचं अस्तर म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं, आणि हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. ठाण्यात पावसाळाभर त्याहून जास्तच असते. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “ताई, काच लावली म्हणून तर धूळ बसली नाही. तुमच्याच घराला ओल असणार.” तीनदा फोन केल्यावर त्याने फ्रेमवाल्याचा नंबर दिला. फ्रेमवाला म्हणाला, दुकानाने सांगितलं तसं केलं.

वस्तुसंग्रहालयांत काही तैलचित्रांना काच असते, हे मलाही माहीत आहे. पण तिथे काच आणि रंग यांच्यात अंतर ठेवतात आणि खोलीची हवा सांभाळलेली असते. तैलचित्राला वार्निशचा थर असतो, घरात तेवढं संरक्षण पुरतं. काच लागते ती जलरंगाला, कागदाला. जुन्या चित्रांचा व्यापार करणाऱ्या माणसाला हे माहीत नसणं मला पटत नाही. काचेमुळे चमक येते आणि गिऱ्हाईक जवळून रंग बघू शकत नाही, हे मला खरं कारण वाटतं.

मुंबईत तैलचित्रांचं संवर्धन करणाऱ्या एका बाईंकडे चित्र नेलं. इथपर्यंत माझं मत होतं की पैसे बुडाले. त्यांनी काच उतरवली तेव्हाच ते निम्मं बदललं. काचेखाली जे सपाट वाटत होतं, तिथे रंगाचे उठाव होते. पाण्यातलं झाडांचं प्रतिबिंब छोट्या तुटक फटकाऱ्यांनी लावलेलं, हिरव्याच्या शेजारी जांभळट रंग न मिसळता तसाच ठेवलेला. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार 1870 च्या दशकात फ्रान्समध्ये हेच करत होते. रंग पॅलेटवर घोटून एकजीव करायचा नाही, शेजारी शेजारी ठेवायचा आणि मेळ बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचा. आबालाल यांचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतलं, म्हणजे ब्रिटिश अकादमिक वळणाचं. पुढे कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या आश्रयाने, ते उघड्यावर बसून रंकाळा आणि पंचगंगेचा घाट रंगवत राहिले आणि प्रकाशाच्या या समजेपर्यंत पोचले. त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे तो यासाठी.

मग बाईंनी खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च फिरवला. जुनं नैसर्गिक राळेचं वार्निश त्या प्रकाशात हिरवट चमकतं. त्यावर नंतर कोणी रंग लावला असेल तर तेवढा भाग काळा दिसतो. आकाशात दोन छोटे काळे ठिपके होते, म्हणजे जुनी डागडुजी. आणि उजव्या कोपऱ्यात सगळी सही काळी. भिंगातून पाहिलं तर सहीचा रंग वार्निशला पडलेल्या भेगांत उतरलेला होता. भेगा पडायला कित्येक वर्षं जातात. चित्र सुकलं, वार्निश लागलं, पिवळं पडलं, तडकलं आणि त्यानंतर कोणीतरी तिथे नाव लिहिलं.

आबालाल यांच्या नावावर असं करणं सोपं का आहे, हे कोल्हापूरकरांना कळेल. 1922 मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली पुष्कळ चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. 1931 मध्ये ते स्वतः गेले. ताडून बघायला अस्सल कामं थोडी, आणि तोच तलाव, तोच घाट बाबूराव पेंटर यांच्यापासून चंद्रकांत मांडरे यांच्यापर्यंत पुढच्या पिढ्या रंगवत आल्या. चांगल्या हाताचं, सही नसलेलं कोल्हापूरचं निसर्गचित्र सापडलं की मोठ्यात मोठं नाव चिकटवलं जातं. यात त्या दुसऱ्या चित्रकाराचंही नुकसान होतं. त्याचं काम कायमचं दुसऱ्याच्या खात्यावर जातं.

सहीचे जवळून फोटो काढून ठेवले आणि सफाईला होकार दिला. बावीस हजार खर्च आला. आधी बुरशी, मग वार्निश. कापसाचे बोळे चहा गाळलेल्या फडक्यासारखे तपकिरी होत होते, आणि त्यांतल्याच एका बोळ्यावर सही निघून आली. दुकानात हे चित्र ‘रंकाळ्याची संध्याकाळ’ म्हणून विकलं होतं. तो सोनेरीपणा सगळा पिवळ्या वार्निशचा निघाला. खाली पांढरट आकाश, निळसर सावल्या, संध्यामठाच्या दगडावर थंड करडा रंग. ही सकाळ आहे. आणि खांबांच्या खालच्या भागात एक फिकट मातकट पट्टा वर आला, जो आधी दिसतच नव्हता. संध्यामठ पावसाळ्यात बराचसा पाण्यात जातो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. पाणी जिथवर चढलेलं असतं तिथवर दगडाचा रंग वेगळा राहतो. ज्याने हे रंगवलं तो उन्हाळ्यात सकाळी काठावर बसला होता, फोटोवरून उतरवत नव्हता, असं मला त्या पट्ट्यावरून वाटतं. मी लहानपणी तो पट्टा रोज बघितला आहे.

आता माझं मत असं आहे : चित्र उत्तम, जुनं, जाणत्या हाताचं. नाव सिद्ध नाही. त्यांच्यानंतर बाजारात आलेला रंग चित्रात सापडला तर ते त्यांचं नाही हे ठरेल. पण टायटॅनियम पांढरा शोधून उपयोग नाही, कारण तो 1920 च्या सुमारास बाजारात आला आणि तेव्हा आबालाल हयात होते. थॅलोसायनिन निळा मूळ रंगात सापडला तर मात्र प्रश्न मिटतो. तो 1930 च्या दशकाच्या मध्यावर आला, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यासाठी रामन चाचणी, म्हणजे प्रकाशकिरण टाकून रंगद्रव्य ओळखणारी चाचणी, लागते. मी ती करून घेतलेली नाही. आणखी पैसे आता त्या नावावर घालणार नाही.

घेणाऱ्यांनी बिल नीट वाचा. दुकानात तोंडाने ‘शंभर वर्षांपूर्वीचं’ म्हणतात. माझ्या बिलावर ‘सजावटीचे जुने चित्र’ एवढंच आहे. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, म्हणून वर्ष लिहीत नाहीत. परवाना मागा, काळ बिलावर लिहून मागा, आणि विकत घेण्याआधी काच उतरवून अतिनील टॉर्चखाली बघू देणार का ते विचारा. टॉर्च काही शे रुपयांत मिळतो. तसाच आर्द्रतामापकही. आता चित्र आतल्या भिंतीवर आहे, काच नाही, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावलेत म्हणजे हवा खेळते.

दुकानदाराला फोटो पाठवल्यावर त्याने अदलाबदल सुचवली : हे परत द्या, ‘पक्का आबालाल’ देतो. नको म्हटलं. चित्र माझ्याकडेच राहणार. पंच्याऐंशी वजा अठरा, म्हणजे सदुसष्ट हजार नावाचे, आणि सफाईचे बावीस, एवढे मला परत हवे आहेत. तशी नोटीस पाठवली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि कागद सगळे माझ्याकडे आहेत.