‘ब्लॅकबर्न’च्या नावाखाली ५४,१५० रुपयांना गंडा: जुन्या ट्यूब घेण्याआधी वाचा

आकडा आधी सांगतो. गिटारच्या अँपसाठी जुन्या व्हॅक्यूम ट्यूब घेतल्या: सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या ईसीसी८३ तीन, ९,५०० च्या भावाने २८,५००. स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ईएल३४ ची जोडी २४,०००. जोडी जुळवून देण्याचे, म्हणजे दोन्ही सारखाच करंट ओढतील अशा निवडण्याचे, १,२००. कुरिअर ४५०. एकूण ५४,१५० रुपये. सगळा माल मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचा, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला, साठच्या दशकातला आणि न वापरलेला, असं सांगून विकला. पाचांतली एकही ब्लॅकबर्नची निघाली नाही.

विकणाऱ्याची पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल: जाहिरात एका साइटवर, बोलणं व्हॉट्सॲपवर, पैसे थेट यूपीआयने, ‘साइटचं कमिशन वाचतं’ म्हणून. बिल नाही. अशा व्यवहारात आपण अडकलो हे लिहायला लाज वाटते, कारण ट्यूब ओळखता येत नाही अशातला मी नाही.

कुठे थांबायला हवं होतं ते नीट सांगतो. खऱ्या ब्लॅकबर्न ट्यूबच्या काचेवर, पिनांच्या जरा वर, दोन ओळींचा फिकट करडा कोड असतो. तो छापलेला नसतो, काचेतच उमटवलेला असतो. ईसीसी८३ असेल तर वरच्या ओळीत बहुतेकदा आय६१ किंवा आय६३. खालच्या ओळीत आधी बी, मग वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि आठवडा. बी म्हणजे ब्लॅकबर्न. बीच्या जागी त्रिकोण असेल तर ट्यूब हॉलंडमधल्या हेर्लेनची.

मी कोडचा फोटो मागितला. त्याने खोक्यांचा पाठवला. पुन्हा मागितला तर ट्यूब दिसल्या, पण अंगठा नेमका कोडवर. तिसऱ्या वेळी कोड दिसला: तिन्ही ट्यूबवर एकच, अक्षर न् अक्षर सारखा, काळा आणि ठळक. एकाच आठवड्याचा माल एकत्र सापडू शकतो, अशी मीच माझी समजूत घातली. पण खरा कोड असा ठळक कधीच दिसत नाही. दिव्याखाली काच तिरकी धरावी तेव्हा कुठे तो नजरेला पडतो. हे मला माहीत होतं. तरी दहा मिनिटांत पैसे पाठवले, कारण ‘दुसरा एक जण संध्याकाळी घेऊन जातोय’ असा निरोप आला होता.

पार्सल नऊ दिवसांनी आलं. नखाने खरवडल्यावर कोड निघाला. शाई होती, नखात काळी रेघ राहिली. काचेवरच्या पांढऱ्या मुलार्ड छापावर मात्र निकाल देऊ नका. खऱ्या ट्यूबचा छापही बोटाने पुसला जातो. पुसला म्हणून खोटी नाही, टिकला म्हणून खरी नाही. कोडच बघा. टेलिफुंकेन या जर्मन कंपनीची ट्यूब घेत असाल तर तळाच्या काचेत, पिनांच्या मधोमध, हिऱ्याच्या आकाराची खूण साच्यातूनच आलेली असते. ती नसेल तर पैसे देऊ नका. युगोस्लाव्हियातल्या निशच्या कारखान्याच्या गुळगुळीत प्लेटच्या (प्लेट म्हणजे आतला धातूचा पत्रा) ट्यूब याच नावाने खपवतात.

एवढा खर्च का केला, असं विचारणारे विचारतील. मार्शल पद्धतीच्या ५० वॉटच्या अँपमध्ये पहिल्या सॉकेटातली ईसीसी८३ बदलली की फरक सगळ्यात जास्त ऐकू येतो. तिचा सूर आणि तिची खरखर पुढच्या प्रत्येक टप्प्यात वाढत जाते. तिथे १०० ऐवजी ७० गेनची (गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते) ५७५१ लावली तर आवाज उशिरा फाटतो, १२एवाय७ लावली तर आणखी उशिरा. चांगल्या जुन्या ब्लॅकबर्नचा मधला पट्टा भरलेला असतो, आवाज फाटला तरी कानाला टोचत नाही. त्यासाठी पहिल्या सॉकेटात पैसे घालणं मला आजही चूक वाटत नाही. फेज इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या दोन ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्यात, मात्र महाग ट्यूब घालू नका. तिथे ट्यूबच्या दोन्ही अर्ध्यांचा तोल सारखा असला की पुरे, आणि तसा तोल असलेली नवी ट्यूब सहज मिळते. म्हणजे तिथले ९,५०० तर व्यवहार खरा असता तरी वाया होते.

आलेल्या तिघींपैकी एक ईसीसी८३ नव्हतीच. अँपचा जोर एकदम गेला. ३०० व्होल्टचा पुरवठा, प्लेटला १०० किलोओहमचा आणि कॅथोडला दीड किलोओहमचा रेझिस्टर असताना ईसीसी८३ च्या प्लेटवर साधारण २०० व्होल्ट राहायला हवेत. इथे शंभराच्याही खाली. नाव पुसून नवं छापलेली ईसीसी८२, जिचा गेन वीसच्याही आत असतो. दुसरीला पेन्सिलीने टिचकी मारली की स्पीकर घंटेसारखा वाजायचा.

ईएल३४ ची गोष्ट याहून वाईट. २५ वॉटची ट्यूब, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, प्लेटला ४५० व्होल्ट, म्हणून बायस (सिग्नल नसताना ट्यूब ओढते तो करंट) ३९ मिलीअँपच्या आसपास. एक ३९ वर आणली तेव्हा दुसरी २२ वर. ही ‘जुळवलेली’ जोडी. स्पीकरमधून सतत घुमघुम. वीस मिनिटांनी पहिलीचा करंट आपोआप चढत गेला आणि प्लेट लाल झाली. आत वायू शिरलेली ट्यूब अशीच वागते. स्क्रीनचा रेझिस्टर जळाला, फ्यूज उडाला, दुरुस्तीचे २,६०० वेगळे. त्याने टेस्टरचा फोटो पाठवला होता, काटा हिरव्यात. तो एमिशन टेस्टर, ट्यूबचा कॅथोड किती इलेक्ट्रॉन सोडतो एवढंच बघणारा. ४५० व्होल्टवर ट्यूब किती ओढेल हे तो सांगूच शकत नाही. दोन्ही ट्यूबचे मिलीअँप आणि ते कुठल्या व्होल्टेजवर मोजले, हे लेखी मागा.

मोजमाप करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: अँपचा प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका चार्ज राहतो. आधी रेझिस्टर लावून तो उतरवा, मीटरने खात्री करा, मगच आत हात घाला.

मग तक्रारीचे हेलपाटे. पेमेंट ॲप म्हणालं, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. कुरिअर म्हणालं, ओटीपी दिलात, विषय संपला. पोलिस ठाण्यात साहेबांनी ट्यूब उलटीसुलटी केली आणि विचारलं, ‘रेडिओचा बल्ब ना हा? माल मिळाला, मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ छापील खोटं नाव दाखवलं, नखाने निघालेली शाई दाखवली, तर म्हणाले, तज्ज्ञाचा दाखला आणा. कुठल्या तज्ज्ञाचा, ते सांगेनात. तीन खेपा झाल्या, साधी पोचही दिली नाही. वस्तू हातात पडली म्हणजे फसवणूक होत नाही, असं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये कुठे लिहिलंय? खोटं बोलून पैसे काढून घेणं म्हणजेच फसवणूक. लवकर कळवलं असतंत तर खातं गोठवता आलं असतं, असंही वर ऐकवलं. पार्सलच नऊ दिवसांनी आलं, तर लवकर कळवणार कसं?

तुमच्यावर ही वेळ आली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी नोंद करा. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवा. विकणारा धंदा म्हणून विकत असेल तर ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

मुलार्ड नावाची नवी ट्यूब आज मिळते, ती रशियात सारातोवला बनते. वाईट नाही, पण ब्लॅकबर्नही नाही. जुनीच हवी असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वतः जा, काच हातात धरा, कोड तिरका करून वाचा.

परवा तोच फोटो पुन्हा विक्रीला दिसला. लाल चौकटींचं टेबलक्लॉथ, एका खोक्याचा डावा कोपरा फाटलेला. आता भाव ट्यूबमागे ११,००० आहे.