वेव्हगाइडचे डिप ब्रेझिंग : एका जॉबवर्कचा अभिप्राय

भोसरीतील आमच्या छोट्या कारखान्यात एक्स-बँड वेव्हगाइडचे, म्हणजे रडारसारख्या उपकरणांत सूक्ष्मलहरी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे, भाग तयार होतात. आतून २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर मापाची ॲल्युमिनिअमची आयताकृती नळी आणि तिच्या दोन्ही टोकांना फ्लँज (जोडणीसाठीची सपाट कड), इतकेच त्यांचे स्वरूप. परंतु फ्लँजचे तोंड सपाट नसेल किंवा सांध्यात केसाएवढी फट राहिली असेल, तर लहरी तिथून गळतात आणि माल परत येतो. हे सांधे आम्ही आजवर टिग वेल्डिंगने (विजेच्या ज्योतीने धातू वितळवून) करत होतो. यंदा २४ नग बाहेरगावच्या एका कारखान्याकडे डिप ब्रेझिंगसाठी, म्हणजे वितळलेल्या क्षारांत बुडवून सांधे जोडण्यासाठी, पाठवले. त्या कामाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे, मात्र काही बाबी आधी माहीत असायला हव्या होत्या.

टिगमध्ये उष्णता एका जागी एकवटते, त्यामुळे फ्लँज बशीसारखा वाकतो आणि पुन्हा फेसिंग करून तोंड सपाट करावे लागते. डिप ब्रेझिंगमध्ये सांध्यावर फिलरची (सांधा भरणाऱ्या मिश्रधातूची) पेस्ट लावलेला अख्खा नग आधी भट्टीत तापवून मग वितळलेल्या क्षारांच्या कुंडात बुडवतात. हे क्षार मुख्यत्वे सोडियम आणि पोटॅशियम यांची क्लोराइडे असून त्यांत थोडी फ्लोराइडे मिसळलेली असतात. ते नगाला चहूबाजूंनी सारखी उष्णता देतात आणि त्याच वेळी ॲल्युमिनिअमवरचा चिवट ऑक्साइडचा थरही सोडवतात. धातू ६६० अंशांना वितळतो, पण हा थर दोन हजार अंशांच्याही वर टिकून राहतो. ॲल्युमिनिअम जोडण्यातली खरी अडचण तीच आहे. शिवाय फिलर ५८० अंशांच्या आसपास वितळतो आणि ६०६१ हा आमच्या नगांचा ॲल्युमिनिअम मिश्रधातूही जवळपास तिथेच वितळू लागतो. लाल होऊन इशारा देण्याचा लोखंडाचा गुण ॲल्युमिनिअममध्ये नसल्यामुळे टॉर्चने हे काम करणाऱ्याचा अंदाज क्षणात चुकतो, तर कुंडाचे तापमान काही अंशांच्या मर्यादेत राखता येते.

नग परत आल्यावर मी प्रत्येक फ्लँज सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवून पाहिला. २४ पैकी २२ नगांत फट मोजण्याच्या फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पट्टी कुठेही शिरली नाही. नळी आणि फ्लँज यांच्या कोपऱ्यात फिलरची गुळगुळीत, सलग कड तयार झाली होती आणि आतल्या बाजूला दोऱ्याएवढी बारीक रेघ तेवढी दिसत होती. एका नगावरचे सगळे सांधे एकाच बुडीत होतात. त्यामुळे नगामागे दर टिगपेक्षा जास्त पडूनही पुन्हा मशिनिंग करण्याचा खर्च वाचला, आणि हिशेब आमच्या बाजूने राहिला.

आता सावधगिरीचे. त्या कारखान्याने सुरुवातीलाच फोन करून विचारले होते, की फ्लँजवरची भोके आरपार आहेत का. नमुन्याच्या नगात ती बंद तळाची होती आणि मी तो प्रश्न मनावर घेतला नाही. तीन आठवड्यांनी त्या भोकांतून पांढरी भुकटी बाहेर येऊ लागली. अडकलेले क्षार हवेतला ओलावा ओढून धातू कुरतडतात, आणि ही चूक सर्वस्वी माझ्या ड्रॉइंगची होती. पुढच्या २४ नगांत भोके आरपार ठेवली. गरम पाणी व आम्ल यांनी धुतल्यानंतर अखेरच्या पाण्यात ते सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. पाणी गढूळ झाले, तर क्लोराइड शिल्लक आहे असे समजून नग पुन्हा धुतात. ही चाचणी त्यांनी न मागता केली आणि अहवालात नोंदवलीही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

ब्रेझिंगच्या उष्णतेत ६०६१ चे टी-६ काठिण्य (उष्णता देऊन मुद्दाम आणलेला कठीणपणा) निघून जाते, हे ऑर्डर देतानाच लक्षात घ्यावे. आटे धरायला मऊ धातू चालत नाही. काठिण्य परत आणण्याची प्रक्रिया वेगळी सांगावी लागते आणि तीत नग किंचित हलतो, म्हणून फ्लँजच्या तोंडावर शेवटच्या कटापुरता धातू शिल्लक ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तक्रार एकच, पॅकिंगची. फ्लँजची तोंडे एकमेकांना घासून दोन नगांवर ओरखडे उठले होते. इतक्या नेमक्या कामानंतर हे टाळता आले असते; पुढच्या खेपेला आम्ही खोक्यात फोमचे खाचे कापूनच नग पाठवणार आहोत. बाकी ॲल्युमिनिअम मिश्रधातूंपैकी मॅग्नेशिअम जास्त असलेल्या ५०५२ च्या पत्र्यावर फिलर नीट धरत नाही, आणि ७०७५ तर फिलर वाहण्याच्या आधीच वितळू लागतो. त्यामुळे ५०५२ च्या पेट्यांचे काम आमच्याकडे अजूनही टिगवरच चालते.