इच, कॉपर आणि हॅनाचा चेकर : काही महिन्यांच्या वापरानंतर

रीफ टाकीतल्या, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, टँग माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले की बहुतेक जण आधी यूव्ही (पाणी शुद्ध करणारा अतिनील दिवा) शोधतात. हॅना कंपनीचा एचआय ७०२ कॉपर चेकर (पाण्यातलं तांबं मोजणारं छोटं यंत्र) काही महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय : पहिला खर्च या चेकरवर आणि ४० लिटरच्या साध्या हॉस्पिटल टाकीवर, म्हणजे आजारी माशांच्या वेगळ्या टाकीवर, करा. यूव्ही नंतर.

याचं कारण इचच्या, म्हणजे हे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरियॉन या परजीवीच्या, जीवनचक्रात आहे. माशाच्या अंगावर तो ३ ते ७ दिवस असतो. मग गळून दगड-वाळूवर पुटी करतो आणि त्यातून फुटलेली पिल्लं नवा मासा शोधतात. औषध म्हणून पाण्यात टाकलेलं कॉपर मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. यूव्हीतून वाहील तेवढंच पाणी शुद्ध होतं, पुटीपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही. कॉपरची पातळी सलग ३० दिवस टिकवावी लागते, आणि ती टिकली की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) कॉपर २.५ पीपीएमवर (लिटरला २.५ मिलिग्रॅम) ठेवायचं. ते २ च्या खाली आलं तर दिवस पहिल्यापासून मोजायचे. साध्या आयनिक, म्हणजे न बांधलेल्या, कॉपरचं प्रमाण याच्या कितीतरी खाली असतं. त्यात २.५ गाठलंत तर मासे मरतील, त्यामुळे बाटलीत कुठलं कॉपर आहे हे आधी वाचा. डोस तीन-चार दिवसांत वाढवत न्या. रास आणि एंजल या माशांना हा सावकाशपणा फार उपयोगी पडतो.

रंग जुळवायच्या किटमध्ये २ आणि २.५ यांतला फरक ट्यूबलाइटखाली ओळखणं अवघड. चेकर आकडा देतो. १० मिली पाण्यावर आधी शून्य करायचं, मग पुडीतली रसायनाची पावडर टाकून रीडिंग घ्यायचं. पुडीच्या कोपऱ्यात पावडर अडकली तर आकडा कमी येतो आणि माणूस जास्त डोस टाकून बसतो. पुडी तिरकी कापून टिचकी मारायची. चेकरच्या काचेच्या कुपीवर बोटांचे ठसे किंवा आत बुडबुडे असले तरी आकडा हलतो. संशयास्पद रीडिंग आलं तर डोस नाही, आधी दुसरं रीडिंग.

आपल्याकडचा एप्रिल-मे इथे जास्त त्रास देतो. बाष्पीभवनाने ४० लिटरचं ३८ लिटर झालं की २.५ चं २.६३ होतं, कारण कॉपर उडून जात नाही. भर घालायची ती नुसत्या आरओ-डीआय (क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्याची. उलट, १० लिटर पाणी बदललं तर नव्या पाण्यात आधीच २५ मिलिग्रॅम कॉपर हवं. वळवात वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. थंडीत छोटी टाकी रात्रीत गार पडते, हीटर लागतोच.

हॉस्पिटल टाकीत वाळू, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले दगड) काही नको, ते कॉपर शोषतात. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही बंद. लपायला पीव्हीसीचे एल्बो पुरतात. अमोनिया वाढला म्हणून अमोनिया बांधणारं कंडिशनर टाकू नका. कॉपरबरोबर ते विषारी ठरू शकतं. पाणी बदलणं हाच उपाय. आंबा घाटातून रत्नागिरीचं समुद्राचं पाणी कॅनने आणायचा मोह टाळा. त्यात काय येईल सांगता येत नाही. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम कृत्रिम मीठ बरं.

मुख्य टाकीत त्या काळात एकही मासा नको, क्लाउनसुद्धा नाही. ७६ दिवस ती रिकामी ठेवा. प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी तिथेच राहू द्या, कॉपर त्यांना मारतं. जाळी आणि नळी दोन्ही टाक्यांना वेगळी ठेवा. वेल्वेट हा दुसरा परजीवी रोग तुषारांतूनही पसरतो, म्हणून टाक्यांमध्ये निदान तीन मीटर अंतर हवं. वेल्वेटमध्ये मासा जोरजोरात श्वास घेतो, अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसते आणि तो दोन दिवसांत मरू शकतो. तिथे आकड्यांची वाट न पाहता उपचार त्याच दिवशी सुरू करा.

चेकरची कुरकुर एकच : प्रत्येक चाचणीला एक पुडी जाते. डोस वाढवताना रोज मोजावं लागतं, नंतर दिवसाआड चालतं. आपल्या पावसाळी दमट हवेत पुड्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.